नाव : अजून नाही

चौथ्या दिवशी पळाली.
न्हाणीच्या खिडकीची एक काच गेल्या दिवाळीपासून नाही,
तिथं मी कापडाच्या ताग्याचा पुठ्ठा लावला होता.
पुठ्ठा खाली. त्यावर एका पायाचा ओला ठसा.
बशीतलं दूध साय धरून तसंच.

"गटारीतलंच होतं की ओ, गटारीत गेलं असंल,"
बाबू तिगडी म्हणाला, झेरॉक्सवाला.
तरी कागद टाईप करून दिला त्यानं,
वर कन्नड, खाली मराठी, कन्नड अक्षरं मोठी.
"उगंच कटकट नको, अक्का."
रंग राखाडी. डाव्या कानाला चीर.
नाव, म्हणाला, आणि बोट बटणावर धरून थांबला.
मी म्हटलं, अजून नाही.
त्यानं तसंच छापलं.

नाव नसलेल्याला हाक कशी मारायची?
वडगावच्या बोळाबोळातून मी
च्च च्च करत गेले, ओठ सुकेपर्यंत,
मनी म्हटलं, चिंगी म्हटलं,
दुसऱ्यांच्या मांजरांची नावं उसनी घेतली.
तीन भलतीच मांजरं आली,
त्यातलं एक तर शेपूट उभारून,
जसं काही माझंच मीठ खाल्लेलं.
फुलं ओवता ओवता मल्लव्वा म्हणाली,
कन्नडात बोलवून बघ, त्याची आई कुठली कुणास ठाऊक.
बोलावलं. बा, बा. ये गं, ये.
एका पत्र्यावरून एक कावळा उडाला.

रात्री नऊला लाईट गेली.
टॉर्चच्या उजेडात जे जे डोळे चमकले
ते बाटलीचे बूड निघाले, सायकलचा रिफ्लेक्टर निघाला,
एकदा नुसतंच पाणी.
पायातली चप्पल तुटली, तशीच फरफटत निघाले घरी
आणि सव्वाअकराला लाईट आली.

खासबागच्या अंगानं एक माग सुरू झाला,
मग त्याच्या मागं दुसरा,
खटाक् खटाक्, भिंतीतून, फरशीतून, माझ्या दातांतून.
सिदरायाच्या शेडचं दार अर्धं उघडं.
त्याचे दोन्ही हात तुटलेल्या धाग्यात,
हनुवटीनंच दाखवलं त्यानं,
"कागद वाचला, अक्का. इल्ले ऐत्री."

मोटारीच्या शेजारी, गुंतवळीच्या ढिगावर,
पोट वर करून झोपलेली.
त्या कल्लोळात! जिथं मला
माझाच "अगं बाई" ऐकू आला नाही.

तीन दिवस मी मशीन बंद ठेवलं होतं.
जीव घाबरेल म्हणून.
कुकरची शिट्टी काढून ठेवली, रेडिओ मुका,
शेजारच्या पोराला दारातच चपला काढायला लावल्या,
मीसुद्धा खोकले ते पदरात.
आणि ती कपाटामागून बघत राहायची,
कान फिरवत, फिरवत,
काहीतरी येईल म्हणून.

सापडली होती कुठं,
तर रामदुर्गांच्या बंद शेडच्या मागं.
बारा माग भंगाराच्या लॉरीत चढले त्याच आठवड्यात.
आत फरशीत नुसते बोल्ट उरलेले.
मला वाटलं, भुकेनं ओरडतेय.

धरली तर ओरबाडलं,
आधीच्या ओरखड्याला तिरपा छेद देऊन.
सिदरायानं रिकाम्या कोनांची पिशवी दिली,
म्हणाला, तोंड सैल बांध, आणि मागाकडं वळला.
पैसे विचारले तर हसला फक्त.

आता दोन वाजत आलेत.
होसूरकरांच्या पोरीचं ब्लाऊज परवाच्या अक्षतांना हवंय,
बाह्या अजून सुट्या.
सुईत दोरा ओवला. मोटारीवर पाय ठेवला.
पहिली शिवण वाकडी गेली,
कारण मी बघत होते कपाटाकडं.

ती आली. माझ्याकडं नाही.
मशीनच्या खालच्या फळीवर चढली,
चिंध्यांत दोनदा गोल फिरली,
आणि थरथरत्या लाकडावर हनुवटी टेकली.

खांबावरचा कागद काढायला हवा.
पुठ्ठ्याच्या जागी काच बसवायला हवी.
होऊ दे. आधी ही बाही.
थांबले की डोळा उघडते.